मास्तरांचा हात

तिनं कोटाचा पुढचा डावा भाग टेबलावर पसरला, त्यावर जुना कागदी खाका ठेवला आणि खडूनं नवी रेघ ओढली. मास्तरांनी कापलेली कड त्या रेघेबाहेर कुठं अर्धा इंच, कुठं पाव इंच अशी भरकटत गेली होती. बगलेपाशी तर ती रेघ ओलांडून आतच शिरली होती. तिथं कापड कमी पडणार होतं; शिवणीसाठी सोडलेल्या कापडातून ते भरून काढावं लागणार होतं. तिनं कात्री उचलली आणि खांद्यापासून कापायला सुरुवात केली.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मास्तरांचा व्यायामाचा वर्ग सव्वाबाराला सुटत असे, आणि तिथून दुकानापर्यंत यायला त्यांना हल्ली वीस मिनिटं लागत. पूर्वी सात लागायची. म्हणजे हातात तास-सव्वा तास होता. तेवढ्यात कोट नव्यानं कापायचा, चिंध्या पिशवीत भरून पिशवी मशीनखालच्या खोक्यात कोंबायची, टेबल झटकायचं आणि जणू सकाळपासून काजच करत बसलो आहोत अशा चेहऱ्यानं मशीनवर बसायचं. दारावर तिनं ‘दहा मिनिटांत येते’ अशी पाटी लावली होती. ती पाटी आठवड्यातून दोनदा तास तास लटकत असे, आणि गल्लीतल्या लोकांचे त्यावरचे विनोदही आता जुने झाले होते.

कोट कापणं मास्तरांचं आणि शिवणं तिचं, हे लग्न झालं तेव्हापासून ठरलेलं. सारा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा आणि तिला मास्तरीणबाई. टेबल खिडकीपाशी, मशीन टेबलासमोर. सव्वीस वर्षं मान वर केली की तिला एकच गोष्ट दिसत आली होती: कापडावर सरसर फिरणारा खडू आणि त्याच्यामागून न अडखळता जाणारी कात्री. मास्तर पुन्हा पुन्हा मोजणाऱ्यांतले नव्हते. एकदा टेप लावली की झालं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला. मग पार्किन्सन हा शब्द घरात आला आणि घरातलाच होऊन बसला. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, दर तीन तासांवर आल्या. गोळी चढली की मास्तर बऱ्यापैकी मास्तर असत. गोळी उतरली की त्यांचा चेहरा बंद दुकानासारखा होई आणि पाऊल उचलेनासं होई. त्यांना धरून चालताना ती तोंडानं ‘डावा, उजवा’ म्हणायची आणि मनात फक्त एवढंच म्हणायची, की आता पडू नका.

दोन वर्षांपूर्वी एका वकिलांचा कोट बिघडला. खांदे दोन दिशांना गेले होते आणि कोट घालून बघायची ट्रायल दोन दिवसांवर होती. मास्तर दुपारचे झोपले असताना तिनं कापडाच्या दुकानातून तेच कापड आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोट कापला. पार्किन्सन नक्की कुणाला झालाय असं कुणीही विचारावं, इतके तिचे हात थरथरत होते. पण ट्रायलला तो कोट असा काही बसला की वकील आरशासमोरून हलेनात. मास्तर गळ्यात टेप घालून बाजूला उभे होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“बघितलंस? हात अजून शाबूत आहे.”

“हो ना,” ती म्हणाली.

आता तुमचा हात राहिला नाही, हे त्या चेहऱ्याला सांगायचं कुणी? तिच्यानं तर ते होणार नव्हतं. पुढच्या कोटालाही ती ‘हो ना’ म्हणाली, आणि त्याच्या पुढच्याही.

फोन वाजला. नणंद होती.

“उद्याच आहे ना गं ते?”

“उद्याच. सकाळी आठला. आज रात्री नऊनंतर गोळी द्यायची नाही. गोळीशिवाय कसे आहेत ते आधी बघणार, मग गोळी देऊन बघणार. त्यावरून ऑपरेशन करायचं का ते ठरवणार.”

“मी परत सांगते, मेंदूला हात लावू देऊ नकोस. कवटीला भोकं पाडतात, आणि माणूस म्हणे जागा असतो. मी त्या पावडरवाल्याचा नंबर पाठवलाय बघ.”

“पावडर झाली, वन्सं. दोन डबे संपले.”

“मग मालिश?”

“तेही झालं.”

“तुला भीती नाही का वाटत?”

तिनं कात्री खाली ठेवली. भीती वाटत नाही का म्हणे. डॉक्टरांच्या टेबलावरची ती प्लास्टिकची कवटी पाहिल्यापासून तिला शेजारच्या सुताराच्या यंत्राचा आवाजही सोसत नव्हता. शंभरात एखाददुसऱ्याला आत रक्तस्राव होतो, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. तेव्हापासून ती शंभर माणसं तिला दिसत होती, ओळीनं बाकांवर बसलेली, आणि त्यात कुठंतरी मास्तर, आपला नंबर यायची वाट बघत.

“वाटते,” ती म्हणाली. “ठेवते आता. काम आहे.”

बारा पस्तीसला रस्त्यावर चपला घासल्याचा आवाज आला. चिंध्या खोक्यात गेल्या, टेबल झटकलं गेलं, पाटी निघाली. मास्तर उंबऱ्याशी येऊन थांबले. उंबरा दिसला की त्यांचे पाय जमिनीला चिकटत.

“डावा,” ती मशीनवरूनच म्हणाली.

ते आत आले, खुर्चीत बसले आणि तिनं जोडायला घेतलेल्या कोटाची कड बोटांनी चाचपू लागले. तिनं मशीन थांबवलं. कड खांद्यापासून खालपर्यंत सुतासारखी सरळ होती.

“झकास कापलंय,” मास्तर स्वतःवर खूश होत म्हणाले. “आता हे असंच टिकलं पाहिजे.”

संध्याकाळी दोघं इस्पितळाचा फॉर्म भरायला बसले. चार पानं, तीस प्रश्न. मास्तरांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं, म्हणून ते सांगत होते आणि ती लिहीत होती. बटणं लावता येतात का? कधी कधी. अंथरुणात कुशीवर वळता येतं का? मदतीनं. मास्तर शहाण्या मुलासारखं खरं खरं सांगत होते. मग चौदावा प्रश्न आला.

“‘तुमच्या नेहमीच्या कामधंद्यात अडचण येते का?’” तिनं वाचलं.

“लिही, अजिबात नाही.”

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“काय झालं?”

“पेन अडखळतंय.”

“माझ्या शेजारी राहून त्यालाही लागण झाली वाटतं,” मास्तर म्हणाले.

ती हसली, आणि तिनं लिहिलं: अजिबात नाही.

गोळीशिवायचे मास्तर तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पुरते पाहिले. एरवी पहिली गोळी ती त्यांच्या उशाशीच ठेवत असे आणि ते धड जागे व्हायच्या आत ती त्यांच्या जिभेवर असे. आज शर्ट चढवायला पंधरा मिनिटं गेली. गाडीत बसवताना एकेक पाय उचलून आत ठेवावा लागला. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

“वडील का?” त्यानं विचारलं.

“नवरा,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

डॉक्टर तिच्याच वयाच्या होत्या. बोलायच्या हळू, पण नजर कशावरून सुटायची नाही. त्यांनी मास्तरांना अंगठा आणि बोट जुळवायला लावलं, उघडायला लावलं. दहादा सांगितलं होतं. चौथ्या खेपेनंतर बोटं जुळलेलीच राहिली. खुर्चीतून उठायला तीन प्रयत्न लागले. भिंतीपर्यंत जाऊन वळताना मास्तर एकाच जागी बारीक बारीक पावलं टाकत राहिले, आठ, नऊ, दहा, आणि तोंड मात्र भिंतीकडंच. मग डॉक्टर त्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

“मी मागून खांदे ओढणार आहे. तोल सांभाळायचा प्रयत्न करा.”

त्यांनी ओढलं. मास्तर एक पाऊलही मागं न टाकता फळीसारखे सरळ त्यांच्या हातांवर आले. तिनं हात पुढं केले. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “बसा,” आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिला वाटलं, हे रोज दिसणारं काहीतरी असणार यांना. आपल्याला ते आज दिसलं.

मग फॉर्म उघडला गेला. पानं उलटली, आणि डॉक्टरांचं बोट एके ठिकाणी थांबलं.

“कोट अजून तुम्हीच कापता?”

“मीच.” आवाज इतका बारीक, की डॉक्टरांना वाकावं लागलं.

“चुकत नाही?”

“गोळी चढली, कात्री हातात आली, की हात ऐकतो. गिऱ्हाइकांना विचारा.”

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मांडीवरची पर्स उचलली आणि परत मांडीवरच ठेवली.

“मग मला घाई दिसत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “गोळीच्या वेळा बदलू, एक नवी गोळी वाढवून बघू. कातडीखालून दिवसभर औषध सोडणारा पंप असतो, पुढं त्याचाही विचार करता येईल. जो माणूस आपलं काम न चुकता करतोय, त्याच्या मेंदूत मी एवढ्यात तार घालणार नाही. आता गोळी देऊन परत बघते, पण मला वाटतं, वर्षभर थांबू.”

तिच्या जिवात जीव आला. वर्षभर कवटी नाही, भोकं नाहीत, ती शंभर माणसं नाहीत. एका खोट्या ओळीनं एवढं सगळं टळलं होतं, आणि ती ओळ मास्तरांनीच सांगितलेली. तिनं फक्त लिहिली. तिला उठून डॉक्टरांचे हात धरावेसे वाटले.

“एक मात्र लक्षात ठेवा,” डॉक्टर पुढं म्हणाल्या. “हे ऑपरेशन कायम आपली वाट बघत थांबत नाही. गोळीनं जेवढं सुधारतं तेवढंच त्यानं सुधारतं, फक्त ते दिवसभर टिकतं. गोळी असतानाही तोल जायला लागला, गिळायला त्रास व्हायला लागला, की मग त्याचा फारसा उपयोग नाही. तिथवर जायचं नाही.”

गोळी घेऊन तासभर बाहेर बसायचं होतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून एक लांब बाक होता. तिनं मास्तरांच्या जिभेवर गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. दुसऱ्या घोटाला त्यांना ठसका लागला. साधा नाही. चेहरा लाल झाला, मग काळसर, डोळे बाहेर आल्यासारखे झाले, हात हवेत काहीतरी शोधायला लागले. ती त्यांच्या पाठीवर मारत होती आणि ‘अहो, अहो’ एवढंच तिला सुचत होतं. नर्स धावत आली, तिनं त्यांना पुढं वाकवलं, आणि शेवटी श्वास आत गेल्याचा घरघर आवाज झाला. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. नर्स निघून गेल्यावर तिनं पाण्याचा पेला बाकाखाली लांब सरकवला.

मास्तर बाकाच्या कडेकडं बघत होते.

“असं आधी झालंय?” तिनं विचारलं.

मास्तरांनी रुमालानं ओठ पुसले.

“मी विचारतेय.”

“महिना झाला. तू दुकानात असतेस तेव्हा. बहुतेक पाण्यानंच होतं.”

“गोळी चढलेली असतानाही?”

“नाही. उतरलेली असतानाच. अजून तरी.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू घाबरतेस,” मास्तर म्हणाले.

तिनं गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली. यासाठी त्यांच्यावर रागवायचं, तर रागवायला तोंड कुठं होतं तिला? घोट, घोट, घोट. दिवसातून पाच गोळ्या, प्रत्येक गोळीला पाणी, आणि वर्षभर थांबायचं. आत्तापर्यंत तिला ऑपरेशनची भीती वाटत होती. आता त्या थांबण्याची वाटायला लागली, आणि ही भीती आधीच्या भीतीला मागं ढकलून पुढं येऊन बसली. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं मास्तरांचं काय होईल, याचा विचार करायला तिला पाऊण तास मिळाला, आणि पाऊण तासात तिला काहीही सुचलं नाही.

दुसऱ्या खेपेला मास्तर स्वतः उठले. बोटं दहाच्या दहा वेळा जुळली. भिंतीपाशी जाऊन ते तीन पावलांत वळले आणि वळल्यावर डॉक्टरांकडं बघून थोडे हसलेसुद्धा. मागून ओढलं तेव्हा दोन पावलं मागं गेले, पण उभे राहिले.

“खूप फरक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “उत्तम. मग ठरल्याप्रमाणे वर्षानं—”

“चौदाव्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे,” ती म्हणाली.

खोलीत हात धुवायच्या नळातून पाणी ठिबकत होतं. ती त्या नळाकडं बघून बोलत राहिली.

“दोन वर्षं कोट मी कापतेय. हे आधी कापतात. मग हे व्यायामाला गेले की मी ते सगळं परत कापते. यांना ठाऊक नाही. हे खोटं बोललेले नाहीत. आणि यांना पाण्याचा ठसका लागतो, महिना झाला. ते मलाही आत्ताच कळलं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मास्तरांचा आवाज आला, गोळी चढल्यावरचा, स्पष्ट.

“वकिलांचा?”

“तिथूनच सुरुवात झाली.”

“हेडमास्तरांचा?”

“तोही.”

“बाहीची गोलाई पण तूच?”

“हो.”

“ती तुला कुणी शिकवली?”

“तुम्ही. मी समोरच बसते की.”

मास्तरांनी मान हलवली, हिशेब लागावा तशी. मग एकदम थांबले.

“आणि जावयांचा? गेल्या वर्षी पोरीच्या लग्नात दिला तो?”

“त्याला मी हात लावला नाही. तुम्ही म्हणाला होतात, हा माझ्या हातचा द्यायचा.”

“तो तर खांद्यात उतरतो.”

“हो.”

“मी पोराला बोल लावत होतो. पोक काढून चालतो म्हणून.”

“बिचारा ताठ चालायला शिकला,” ती म्हणाली.

डॉक्टर खिडकीकडं तोंड करून खोकल्या. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि तिला अपेक्षित होतं त्यातलं काहीच झालं नाही. ते ओरडले नाहीत, खचले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव होता.

“मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. “डॉक्टर, मी इथं का आलो सांगू? हात गेला तर दुकान गेलं. दुकान गेलं तर हिनं काय करायचं? म्हणून हात आहे तोवर तो टिकवावा, त्यासाठी डोक्याला भोक पडलं तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. आता कळतंय, की हात दोन वर्षांपूर्वीच गेलाय आणि दुकान चालूच आहे. मग कशाला ही उठाठेव? आज नको, आणि वर्षानंही नको.”

तिनं मास्तरांची बाही धरली. एवढा जीव मुठीत धरून ती बोलली ते त्यांना या ऑपरेशनकडं न्यायला, आणि तेच ऐकून ते मोकळे होऊन उठायला निघाले होते. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

“मी पाच मिनिटांत येते,” त्या म्हणाल्या आणि दार लोटून बाहेर गेल्या.

दोघंच उरले.

“लेबल माझ्या नावाचं शिवत होतीस,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“आणि मी प्रत्येक ट्रायलला फुशारकी मारत होतो.”

“हो.”

“हसू यायचं का तुला?”

“नाही. भीती वाटायची.”

“कशाची?”

“तुम्हाला कळेल याची. तुमच्या चपला वाजल्या की मी चिंध्या खोक्यात कोंबायचे.” तिनं डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत होते आणि तिला त्यांच्याकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. “आता त्याची नाही वाटत. आता पाण्याच्या पेल्याची वाटते. अहो, दुकानाचं काय घेऊन बसलात? दुकानाला कापायला कटर मिळाला. मला नवरा पाहिजे.”

मास्तर टेबलावरच्या फॉर्मकडं बघत होते. गोळी चढलेली असूनही त्यांचा चेहरा हलत नव्हता.

“आणि त्या शंभरातला मीच निघालो तर?” त्यांनी विचारलं.

म्हणजे ती शंभर माणसं त्यांनाही दिसत होती. इतके दिवस दोघंही एकाच घरात त्याच ओळीकडं बघत होते आणि एकमेकांना गोळीची वेळ विचारत होते. तिनं काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

“तर मी काय करेन, मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मला फार भीती वाटते गं.”

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. ती खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसली.

“मलाही,” ती म्हणाली. “करायचीही वाटते आणि न करायचीही. पण न करायची जास्त.”

दार उघडलं. डॉक्टर आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काडेपेटीएवढी एक चपटी, करड्या रंगाची डबी होती. ती त्यांनी मास्तरांसमोर टेबलावर ठेवली.

“जबरदस्ती कुणाचीच नाही,” त्या म्हणाल्या. “ठसका लागतो म्हणजे वेळ गेली असं नाही. त्याची तपासणी मी आजच लावते. पण आता मी वर्षभर थांबा म्हणणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर गोळ्या आहेत, पंप आहे. फक्त नको म्हणायच्या आधी हे बघून ठेवा. डोक्यातली तार याला जोडलेली असते, आणि यातून तिला सतत हलकी वीज मिळते.”

मास्तरांनी डबी उचलली. तळहातावर तोलली, मग अंगठा आणि बोट यांच्यात धरून तिची जाडी चाचपली, नवं कापड चाचपायचे तशी.

“ही कुठं बसवता?”

“गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत. तुमच्या बाबतीत बहुधा डाव्या बाजूला.”

“बाहेरून फुगवटा दिसतो?”

“थोडा. बारीक माणसाला जास्त.”

त्यांनी ती शर्टावरून छातीच्या डाव्या बाजूला धरली, दाबली, आणि मान खाली घालून बघत राहिले. नळ ठिबकत होता. डॉक्टर थांबल्या. तीही थांबली. मग मास्तरांनी मान वर केली आणि ते तिच्याशी बोलले.

“डावीकडं पाव इंच सैल ठेवावं लागेल. आणि आतला खिसा तिथं नको. उजवीकडं घे.”

“कुणाच्या कोटाला?” तिनं विचारलं, कळलं होतं तरी.

“माझ्या.” त्यांनी डबी डॉक्टरांना परत दिली. “घरी येताना घालायला लागेल ना काहीतरी. आणि माझं जुनं माप धरू नकोस. वाळलोय मी. नव्यानं घे.”

तिनं पर्स उघडली आणि ती टेप शोधायला लागली. ती लवकर सापडेना.